बर्फातून वाट काढणारा

कॅनडा देशाच्या पूर्व भागात क्वेबेक नावाचा विस्तीर्ण प्रांत आहे. तेथील बहुसंख्य लोक फ्रेंच भाषा बोलतात. या प्रांतात हिवाळा पाच पाच महिने ठाण मांडून बसतो. नोव्हेंबरात बर्फ पडू लागतो, आणि एप्रिल उजाडेपर्यंत शेतांतील काळ्या मातीचे दर्शन होत नाही. हिमवादळ सुटले म्हणजे तर आकाश आणि धरणी यांतील भेदच नाहीसा होतो. दहा पावलांवरचे झाड दिसेनासे होते. वाऱ्याने उडालेला बर्फ कुंपणे ओलांडून रस्त्यावर येऊन साचतो, आणि पाहता पाहता त्याच्या टेकड्या बनतात.

आता तेथे बर्फ बाजूला सारणारी यंत्रे रस्त्यांवरून फिरत असतात. त्यामुळे वादळ ओसरल्यावर थोड्याच वेळात मोटारी पुन्हा धावू लागतात. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यापाड्यांच्या नशिबी ही सोय नव्हती. पहिला मोठा बर्फ पडला, की लोक आपल्या मोटारी कोठारात लोटून ठेवीत, त्या वसंत ऋतूतच बाहेर काढीत. मधल्या काळात घोडे जोडलेली घसरगाडी हेच काय ते वाहन. पण बर्फ फार साचला, की घोडाही छातीपर्यंत रुते. मग टपाल अडे, शाळा ओस पडे, आणि रोग्याच्या घरचे लोक खिडकीपाशी उभे राहून डॉक्टरांची वाट पाहत राहत.

अशाच एका खेड्यात, वाल्कूर येथे, १६ एप्रिल १९०७ रोजी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याचा जन्म झाला. आठ भावंडांत तो सर्वांत थोरला. आर्मांला लहानपणापासून यंत्रांचे विलक्षण वेड होते. मोडकी घड्याळे मिळवावीत, ती खोलून त्यांतील चक्रे आणि कमानी वेगळ्या कराव्यात, आणि त्यांतून आपोआप चालणारी खेळणी तयार करावीत, यात त्याचे तासन् तास निघून जात. घरातील मोटारीचे इंजिनही त्याच्या हातून सुटत नसे. अखेर वडिलांनी आपली मोटार वाचवण्यासाठी एक जुनी मोडकी फोर्ड मोटार त्याच्या हवाली केली.

वडिलांना वाटले असेल, की आता हा मुलगा काही दिवस निमूट बसेल. पण आर्मांच्या मनात निराळेच बेत शिजत होते. धाकटा भाऊ लेओपोल्द याला हाताशी धरून तो कित्येक दिवस काम करीत राहिला. ३१ डिसेंबर १९२२ रोजी वाल्कूरच्या लोकांना एक अद्भुत दृश्य पाहावयास मिळाले. एक घसरगाडी घोड्यांवाचून रस्त्याने धावत होती! तिच्यावर मोटारीचे इंजिन बसवलेले होते, आणि मागील बाजूस विमानाला असतो तसा लाकडी पंखा गरगर फिरत होता. लेओपोल्द पुढे बसून गाडीला दिशा देत होता, तर आर्मां मागे इंजिन सांभाळीत होता. गाडी धावली खरी. पण तो उघडा पंखा एखाद्याचा हात तोडून टाकील, या भीतीने वडिलांनी ती तत्काळ मोडून टाकण्याची आज्ञा केली. पंधरा वर्षांच्या आर्मांने ती मुकाट्याने पाळली. मात्र बर्फावर यंत्राने चालता येते, ही गोष्ट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ती तो जन्मभर विसरला नाही.

आपला मुलगा धर्मोपदेशक व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी त्याला शेरब्रूक या शहरातील विद्यालयात घातले होते. परंतु आर्मांचे मन तेथे रमले नाही. शेवटी वडिलांनी समंजसपणे आपला आग्रह सोडला. सतराव्या वर्षी आर्मां मोटारदुरुस्तीच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. पुढे मॉन्ट्रिऑल शहरात दिवसा काम आणि रात्री अभ्यास असा त्याचा क्रम चालला. १९२६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वडिलांच्या मदतीने त्याने वाल्कूर येथे स्वतःचे गॅरेज उघडले. जे हत्यार विकत घेणे परवडत नसे, ते तो स्वतःच बनवी. थोड्याच दिवसांत कुशल कारागीर म्हणून पंचक्रोशीत त्याचे नाव झाले. १९२९ साली यिव्हॉन लाब्रेक या तरुणीशी त्याचा विवाह झाला.

उन्हाळ्यात गॅरेजमध्ये कामाची गर्दी असे. हिवाळा आला, की मोटारी कोठारात आणि गॅरेज रिकामे. हा रिकामा वेळ आर्मांने वाया जाऊ दिला नाही. बर्फावरून धावणारी लहानशी, हलकी गाडी बनवण्याचे त्याचे प्रयोग दर हिवाळ्यात चालत. एक गाडी तयार करावी, ती बर्फात न्यावी, ती रुतावी किंवा बंद पडावी, आणि तिचे तुकडे पुन्हा गॅरेजमध्ये आणावेत, असे अनेकदा घडले. त्या काळची इंजिने फार जड होती. हलक्या गाडीवर ते ओझे घातले, की ती बर्फात खोल जाई. असे प्रयोग त्याच्या आधीही काही यंत्रज्ञांनी केले होते. पण खोल, भुसभुशीत बर्फातून कुटुंबाला घेऊन निर्धास्तपणे जावे, असे वाहन सामान्य माणसाच्या हाती अजून आलेले नव्हते.

१९३४ सालचा हिवाळा उजाडला. आर्मांचा दोन वर्षांचा मुलगा यिव्हों एकाएकी आजारी पडला. पोटातील आंत्रपुच्छाला सूज येऊन ते फुटले होते आणि विकार पोटभर पसरत होता. अशा वेळी ताबडतोब शस्त्रक्रिया करणे हाच एक उपाय असतो. पण इस्पितळ होते शेरब्रूकला, चाळीस-पन्नास किलोमीटर दूर. रस्ते बर्फाखाली गडप झालेले. मोटार जाणे अशक्य, आणि घोड्यांच्या गाडीने इतके अंतर वेळेत कापणे त्याहून अशक्य. गॅरेजमध्ये बर्फावर चालणारी एक गाडी होती. परंतु ती अपुरी होती. तिच्यावर भरवसा ठेवून तापाने फणफणलेल्या लेकराला बाहेर नेता येण्यासारखे नव्हते.

यिव्हों वाचला नाही.

त्या दिवशी आर्मांच्या मनावर कोणता आघात झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. ज्या यंत्रावर आपण इतकी वर्षे खपलो, ते ऐन गरजेच्या क्षणी कामास आले नाही, हे शल्य कोणत्याही पित्याचे हृदय विदीर्ण करण्यास पुरेसे होते. एखादा मनुष्य अशा दुःखाने खचून गेला असता आणि त्याने ती हत्यारे पुन्हा हाती धरली नसती. आर्मां मात्र पुन्हा गॅरेजमध्ये गेला. त्याचे प्रयोग मुलाच्या मृत्यूमुळे सुरू झाले नव्हते. ते फार आधीपासून चालू होते. पण बर्फाने अडवलेल्या घरात काय घडू शकते, हे आता त्याला स्वतःच्या घरात कळून चुकले होते. लहान गाडीचा नाद त्याने तूर्त बाजूला ठेवला आणि अनेक माणसांना नेणाऱ्या बंदिस्त गाडीच्या मागे तो लागला.

बर्फात चाक का रुतते? मऊ वाळूत माणूस उभा राहिला, तर त्याचे पाय आत जातात. पण तेथे एक रुंद फळी टाकून तिच्यावर तो उभा राहिला, तर फारसा रुतत नाही. वजन तेच असते, परंतु ते अधिक जागेवर विभागले जाते. गाडीचे चाक जमिनीला एका लहानशा जागी टेकते. म्हणून ते बर्फात खोल जाते. चाकांभोवती लांबरुंद पट्टा फिरवला, तर सारे वजन त्या पट्ट्यावर पसरते. हे तत्त्व जुनेच होते. अडचण होती ती निराळी. पट्टा फिरवणाऱ्या चक्राच्या दात्यांत बर्फ शिरून घट्ट बसे, आणि पट्टा घसरून निघे.

या अडचणीवर आर्मांने १९३५ साली तोड काढली. त्याने पट्टा फिरवणाऱ्या दंतचक्रावर रबराचे आवरण चढवले, आणि रबराचे पट्टे पोलादाच्या आडव्या कांबींनी एकमेकांस जोडले. चक्राचे दाते त्या कांबींत अडकत, आणि पट्टा न घसरता सरसर फिरत राही. रबराला बर्फही सहजासहजी चिकटत नसे. गाडीला पुढे लाकडी घसरपट्ट्या, मागे हे फिरते पट्टे, आणि वर लाकडी पातळ तक्त्यांची बंदिस्त पेटी, अशी त्याची रचना झाली. या शोधाचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले. त्या गाडीत सात माणसे बसत. म्हणून आपल्या नावाचे पहिले अक्षर आणि तो आकडा मिळून त्याने तिचे नाव ‘बी-७’ असे ठेवले.

गाडीचा बोलबाला होऊ लागला. ती घेणाऱ्यांत डॉक्टर होते, जनावरांचे वैद्य होते, धर्मोपदेशक होते. मागणी वाढत गेल्यावर आर्मांने वाल्कूर येथेच नवा कारखाना बांधला. त्यातून ‘बी-१२’ ही बारा जणांची मोठी गाडी बाहेर पडू लागली. तिच्या दोन्ही बाजूंना जहाजाला असतात तशा वाटोळ्या खिडक्या होत्या. वादळी दिवसांतही ही गाडी वाट काढीत जाई. कोठे तिच्यातून टपाल जाई, कोठे मुले शाळेला जात. रोग्यांना इस्पितळात पोहोचवण्याचे कामही तिने केले. ज्या वाटेने यिव्हों जाऊ शकला नव्हता, तशा कितीतरी वाटांवरून आता इतरांची मुले सुखरूप जाऊ लागली होती. १९४२ साली आर्मांने आपल्या उद्योगाची रीतसर कंपनी स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने सैन्यासाठीही बर्फावर चालणारी वाहने तयार केली.

युद्ध संपल्यावर मात्र एक विचित्र संकट उभे राहिले. १९४८ च्या सुमारास क्वेबेकच्या सरकारने खेड्यांकडील रस्त्यांवरचाही बर्फ हटवण्याचे धोरण स्वीकारले. लोकांची मोठीच सोय झाली. आता हिवाळ्यातही साधी मोटार चालू लागली. साहजिकच बोंबार्दिएच्या गाड्यांची गरज कमी झाली आणि त्यांची विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. ज्या अडचणीतून त्याचा कारखाना जन्माला आला होता, ती अडचण दूर होत होती, आणि तिच्याबरोबर कारखानाही बुडतो की काय, अशी वेळ आली होती.

आर्मांने नशिबाला दोष दिला नाही. जेथे रस्ते नाहीत, अशा जागा जगात अजून पुष्कळ आहेत, हे त्याने ओळखले. घनदाट अरण्ये, दलदलीचे प्रदेश, खाणी अशा ठिकाणी चालणारी निरनिराळी वाहने त्याने बनवली. १९५३ साली त्याने दलदलीतून सहज जाणारा एक ट्रॅक्टर तयार केला. तो दूरदूरच्या देशांत गेला. कारखाना तरला, एवढेच नव्हे, तर वाढला.

इतके झाले तरी पंधराव्या वर्षी पाहिलेले स्वप्न त्याच्या मनात जागेच होते. एकदोन माणसांनी बसावे आणि बर्फावरून वाऱ्यासारखे जावे, अशी लहान गाडी त्याला बनवायची होती. १९५० नंतरच्या दशकात हलकी आणि भरवशाची इंजिने मिळू लागली. जेर्मेन या त्याच्या मुलाने सांधा नसलेला अखंड रबरी पट्टा तयार करण्यात यश मिळवले. तो पट्टा लावलेली ‘स्की-डू’ नावाची लहानशी गाडी १९५९ साली बाजारात आली. उत्तरेकडील निर्जन प्रदेशात कुत्र्यांच्या गाड्यांतून प्रवास करणारे शिकारी आणि धर्मोपदेशक यांना ती उपयोगी पडेल, अशी आर्मांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात हजारो हौशी लोकांनीही ती उचलून धरली. पंख्याची घसरगाडी मोडून टाकावी लागल्याला तेव्हा छत्तीस वर्षे लोटली होती.

हे यश आर्मांला फार दिवस पाहता आले नाही. कर्करोगाने त्याला गाठले, आणि १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. पुढे त्याच्या नावाच्या कंपनीने आगगाडीचे डबे आणि विमानेही बनवली. पण त्याची खरी ओळख बर्फाशीच जोडलेली राहिली. मॅनिटोबा प्रांतातील गोठलेल्या सरोवरांवर मासेमारी करणारे लोक त्याच्या जुन्या ‘बी-१२’ गाड्या त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक दशके वापरीत होते.

बर्फ पडणे थांबवणे कोणाच्याही हाती नाही. आर्मां बोंबार्दिए याने बर्फाशी वैर धरले नाही, की दैवासमोर हातही टेकले नाहीत. त्याने बर्फाचा स्वभाव समजून घेतला आणि त्यातून वाट काढली. त्या वाटेवर त्याचा स्वतःचा मुलगा त्याला लाभला नाही. परंतु वादळाच्या रात्री दाराशी येऊन थांबलेली त्याची गाडी पाहून कितीतरी आईबापांच्या जिवात जीव आला. आपल्याला जे दुःख भोगावे लागले ते दुसऱ्यांच्या वाट्याला येऊ नये, यासाठी झिजणारी माणसे थोडी असतात. वाल्कूरचा हा कारागीर त्या थोड्यांपैकी एक होता.