जाळलेल्या अस्थी, उरलेला ग्रंथ

अमेरिकेचा शोध आणि युरोपीय वसाहतींचा विस्तार हे प्रकरण आपल्याकडे परीक्षेपुरते शिकविले जाते आणि परीक्षेपुरतेच लक्षात राहते. कोलंबस, कोर्तेस, वास्को द गामा ही नावे दूरच्या समुद्रांवरची. गोदाकाठच्या परभणीचा त्यांच्याशी संबंध तो काय, असे विद्यार्थ्याला वाटल्यास नवल नाही. परंतु त्याच कालखंडातील जहाजांवरून आलेल्या एका पोर्तुगीज वैद्याची मैत्री पाथरीशी नाते सांगणाऱ्या एका सुलतानाशी जडली होती. त्या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता. ज्ञान आणि सत्ता यांची सोबत किती लाभाची आणि किती घातकी असते, याचा उलगडा त्याच्या चरित्रातून होतो.

स्पेनच्या फर्डिनांड आणि इसाबेला या राजदांपत्याने १४९२ साली कोलंबसाला पश्चिमेकडे धाडले आणि त्याच वर्षी आपल्या राज्यातील ज्यूंना धर्म सोडा किंवा देश सोडा असे फर्मान काढले. ओर्ताचे आईवडील त्या निर्वासितांपैकी होते. त्यांनी पोर्तुगालचा आश्रय घेतला. पण १४९७ मध्ये तेथेही ज्यूंवर सक्तीचा बाप्तिस्मा लादला गेला. अशा कुटुंबात, १५०० च्या सुमारास, कास्तेलू द व्हीद या सीमेवरील गावी गार्सिया जन्मला. सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. मानाची जागा मिळाली होती. पण 'नवख्रिस्ती' हा शिक्का पुसला गेला नव्हता. त्या देशात धर्मन्यायालयाच्या स्थापनेच्या हालचाली चालू असतानाच, १५३४ च्या मार्च महिन्यात, त्याने हिंदुस्थानची वाट धरली.

ज्याच्या पदरी वैद्य म्हणून तो निघाला, तो मार्तीं आफोंसो द सोझा नुकताच ब्राझीलहून परतला होता. तेथे १५३२ मध्ये त्याने साव विसेंत ही पोर्तुगीजांची पहिली कायमची वसाहत उभारली होती. उसाचे मळे, साखरेचे घाणे आणि तेथील मूळ रहिवाशांची गुलामगिरी यांचा पाया त्या किनाऱ्यावर घातला जात होता. १५४२ मध्ये हाच सोझा गोव्याचा गव्हर्नर झाला. अमेरिकेतील वसाहत आणि कोकणातील ठाणी ही एकाच साम्राज्याची दोन टोके होती, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

आरंभीची काही वर्षे ओर्ता आरमाराबरोबर दीव, वसई या भागांत हिंडला. मग त्याने गोव्यात बिऱ्हाड थाटले. औषधांची पारख आणि रुग्णांची चिकित्सा यांत त्याचा लौकिक वाढला आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह जुळला. या निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांत असल्याचे फिरिश्ताने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. बुऱ्हाणचा आजोबा लहानपणी बहामनी सैन्याच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने राज्याचा वजीर बनला. पूर्वजांचे हे गाव वऱ्हाडच्या इमादशाहीत होते. ते आपल्याला मिळावे म्हणून बुऱ्हाणने १५१८ मध्ये तलवार उपसली आणि पाथरी घेतली. धर्म बदलला, तख्त मिळाले, तरी गावची ओढ सुटली नाही. धर्म बदलावा लागलेल्या घरातून आलेला ओर्ता अशा सुलतानाच्या दरबारी वावरत होता, हा योगायोग मोठा बोलका आहे.

त्या दरबारातील हकिमांशी त्याने चर्चा केल्या. गोव्यातील वैद्य, व्यापारी, माळी, दासी यांच्याकडून वनस्पतींची नावे, उपयोग व उत्पत्तिस्थाने विचारून घेतली. या तीस वर्षांच्या खटाटोपाचे फळ म्हणजे १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा संवादरूप ग्रंथ. स्पेनमध्ये शिकलेला रुआनो नावाचा कल्पित वैद्य ग्रीक-रोमन आचार्यांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगतो, अशी त्याची धाटणी आहे. हिंग, मिरे, वेलदोडा, आंबा, फणस, विड्याचे पान असे नाना पदार्थ त्यात आले आहेत. पटकीचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आपल्या 'मोडशी' या शब्दाची त्याने तेथे नोंद केली आणि एतद्देशीय वैद्य रोग्याला मिरे-जिरे घातलेली तांदळाची पेज देतात, हेही सांगितले. जुन्या पोथीपेक्षा प्रत्यक्ष अनुभव श्रेष्ठ, ही भूमिका त्या काळी धाडसाची होती. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ॲन्टवर्प येथे या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि युरोपभर तो वाचला गेला.

म्हणून ओर्ताला देव्हाऱ्यात बसविण्याचे मात्र कारण नाही. त्याच्या पदरी गुलाम होते. १५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट त्याला वार्षिक खंडाने मिळाले, ते साम्राज्याच्या मेहेरबानीने. ज्यांनी त्याला मुळ्या ओळखायला शिकविले, त्या माळ्यांची व वैद्यांची नावे बहुतांशी काळाआड गेली. मेक्सिकोत १५५२ साली मार्तीन द ला क्रुझ या तेथील मूळच्या वैद्याचा वनौषधिग्रंथ त्याच्या नावानिशी तयार झाला. आपल्या वैद्यांच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही.

त्याच मेक्सिकोच्या पूर्वेस, युकातानमधील मानी या गावी, १५६२ मध्ये दिएगो द लांदा या धर्मगुरूने माया लोकांच्या पोथ्या होळीत टाकल्या. एका समृद्ध संस्कृतीची लिखित स्मृती जवळजवळ नष्ट झाली. पुढच्याच वर्षी ओर्ताचा ग्रंथ छापला गेला. पण ती आग गोव्यातही येऊन पोहोचली होती. १५६० मध्ये तेथे धर्मन्यायालय स्थापन झाले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारला, तो त्याच्या कचाट्यातून जेमतेम निसटला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारीना गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळली गेली. तपासातील जबान्यांतून ओर्तावरही तोच ठपका आला. मेलेल्या माणसाला शिक्षा कशी करणार? १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ज्या सत्तेने त्याला समुद्रापार आणले, जिच्या गव्हर्नरांची नाडी त्याने पाहिली, त्याच सत्तेने त्याचे थडगेही शिल्लक ठेवले नाही.

सत्तेच्या आश्रयाने ज्ञान वाढते. पण सत्तेला माणसाच्या मनाची झडती घ्यावीशी वाटू लागली की तिला ज्ञानी आणि अज्ञानी सारखेच. ओर्ताचा ग्रंथ तरला, कारण त्याच्या प्रती दूरवर गेल्या होत्या. मायांच्या पोथ्या मूठभर होत्या, त्या गेल्या. जे लिहिले जाते आणि अनेकांच्या हाती पोहोचते, तेच अशा संकटातून वाचण्याची आशा असते.

आज पाथरी, मानवत, सेलूच्या शिवारात मका, मिरची, भुईमूग पिकतो आणि अमेरिकी जातीचा कापूस डोलतो. ही पिके मूळची त्याच अमेरिकेतली. ज्यांनी ती प्रथम जोपासली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्या वैदूंना, सुइणींना, जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेले पुष्कळसे अजून कागदावर उतरलेले नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी ते मराठीत टिपून ठेवावे आणि सांगणाऱ्याचे नाव त्याखाली अवश्य लिहावे. त्यासाठी परदेशी गलबताची वाट पाहण्याचे कारण नाही.