मायकेल फॅरडे आणि प्लॅटिनमचा स्वच्छ पत्रा

विजेच्या शास्त्रांत ज्याचें नांव अग्रभागीं घेतलें जातें, त्या मायकेल फॅरडेचा जन्म इ. स. १७९१ च्या सप्टेंबर महिन्याच्या २२ व्या तारखेस लंडनलगत न्यूइंग्टन बट्स येथें एका गरीब लोहाराच्या घरीं झाला. लिहिणें, वाचणें व जुजबी हिशेब एवढेंच त्याचें शालेय शिक्षण. चौदाव्या वर्षीं तो एका पुस्तक बांधणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो आधीं वाचून काढी. त्यांतूनच त्याला विजेची गोडी लागली. इ. स. १८१२ मध्यें हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाचीं व्याख्यानें ऐकण्याची संधि त्यास मिळाली. त्यानें त्यांचीं टिपणें काढलीं, स्वहस्तें बांधलीं आणि डेव्हीकडे पाठवून दिलीं. पुढल्याच वर्षीं, १ मार्च १८१३ रोजीं, तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत साहाय्यक म्हणून रुजू झाला.

येथें असतांनाच त्याच्यासमोर एक कोडें उभें राहिलें. तापलेली प्लॅटिनमची तार ज्वालाग्राही वायु व हवा यांच्या मिश्रणांत धरली, तर ज्वाळेवांचून लालबुंद राहते, असें डेव्हीनें १८१७ मध्यें दाखविलें. १८२३ मध्यें डोबेरायनर या जर्मन शास्त्रज्ञानें सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला असतां तो पेट घेतो हें सिद्ध केलें. प्लॅटिनम तर तसूभरही कमी होत नाहीं. मग तें करतें तरी काय?

फॅरडेनें १८३१ मध्यें चुंबकापासून वीज उत्पन्न करून कीर्ति मिळविली होती. त्यानंतर विजेनें पाण्याचें पृथक्करण करीत असतांना त्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळली. नळींत जमलेले हायड्रोजन व प्राणवायु, विजेचा प्रवाह तोडल्यावर, हळूहळू नाहींसे होत. त्यांचें पुन्हां पाणी होई. विद्युद्‌घटाच्या धनाग्रास जोडलेला प्लॅटिनमचा पत्रा हें कार्य विशेष जोरानें करी. पत्र्यांत वीज मुरली असावी, असें कोणासही वाटलें असतें. आणि विजेच्या अभ्यासकास तर हें अनुमान फारच प्रिय. परंतु फॅरडेनें तें परीक्षेवांचून पत्करलें नाहीं. विजेचा स्पर्शही न झालेले पत्रे त्यानें क्षार, ऊष्णता व तीव्र आम्ल यांनीं निर्मळ केले. त्यांनींही तेंच कार्य केलें! वीज केवळ पत्रा स्वच्छ करीत होती. स्वच्छ पृष्ठभागावर दोन्ही वायूंचे कण ओढले जाऊन परस्परांच्या अगदीं निकट येतात व संयोग पावतात, असा निष्कर्ष त्यानें १८३४ मध्यें प्रसिद्ध केला. अशा क्रियेस पुढें लवकरच बर्झेलियसनें जें नांव दिलें, त्यास आपण उत्प्रेरण म्हणतों.

पृष्ठभागाचें हें महत्त्व आपल्या नांदेड-लातूरकडील वाचकांस अपरिचित नाहीं. काळवंडलेला तांब्या चिंचेनें घासतांच झळकूं लागतो; आंतलें तांबें तेंच असतें, बदलतो तो केवळ वरचा थर. शेजारच्या बिदरचे कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी जडवून तें किल्ल्यांतील जुन्या मातीच्या व नवसागराच्या लेपानें काळें करतात. त्याच लेपाखालीं चांदी मात्र शुभ्र राहते. प्रत्येक धातूचा पृष्ठभाग आपापल्या स्वभावाप्रमाणें वागतो.

फॅरडेच्या निष्कर्षाचा पुढील इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८४२ मध्यें ग्रोव्हनें प्लॅटिनमचे पत्रे हायड्रोजन व प्राणवायु यांत ठेवून त्यांच्या संयोगापासून विजेचा प्रवाह मिळविला. विजेचा सूक्ष्म कण जो इलेक्ट्रॉन, तो १८९७ मध्यें टॉमसननें शोधून काढला. आणि २००५ मध्यें अमेरिकेंतील बर्कली येथें सोमोर्जाई व त्याचे सहकारी यांनीं टिटॅनियम ऑक्साइडवर प्लॅटिनमचा अतिशय पातळ पापुद्रा चढवून एक प्रयोग केला. त्या पापुद्र्यावर कार्बन मोनॉक्साइड व प्राणवायु यांचा संयोग झाला, कीं मोकळी होणारी कांहीं ऊर्जा धातूंतील इलेक्ट्रॉनांस मिळते. असे चेतलेले इलेक्ट्रॉन, आपली ऊर्जा गमावण्यापूर्वींच, धातु व ऑक्साइड यांच्या सीमेवरील बांध ओलांडून पलीकडे जातात. आणि तारेंतून मोजतां येईल असा प्रवाह वाहूं लागतो. बांध ओलांडण्याइतकें बळ ज्यांस लाभलें नाहीं, ते अलीकडेच राहतात. म्हणून पापुद्रा पातळ हवा. जाड असेल तर इलेक्ट्रॉन वाटेंतच थकतात.

तर मग फॅरडे चुकला काय? मुळींच नाहीं. पत्र्यांत मुरलेल्या विजेमुळें संयोग होतो, हें अनुमान खोटेंच होतें व तें त्यानें योग्यच टाकलें. पृष्ठभागावरील संयोगामुळें वीज हलते, ही गोष्ट निराळी. ती पाहण्याचीं साधनें त्याच्या काळीं नव्हतीं.

सरदारकी व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद हे दोन्ही मान नाकारून तो अखेरपर्यंत साधेपणानें राहिला. १८२७ पासून मुलांसाठीं नाताळांत व्याख्यानें देण्याचें काम मात्र त्यानें अनेक वर्षें आनंदानें केलें. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें त्याचें देहावसान झालें. आपणांस प्रिय असलेलें उत्तरही कसोटीवर घासून पाहावें, हा धडा त्या निर्मळ पत्र्याबरोबर त्यानें आपणांस दिला आहे. प्रयोगशाळेंत परीक्षानळी धुतांना विद्यार्थ्यांनीं तो अवश्य स्मरावा.