वालचंदांची मोटार कोणाची?

परदेशी नावाची मोटार भारतीय कामगारांनी घडविली, तर ती अस्सल मानावी काय? कंत्राटी उत्पादनाच्या आजच्या काळात वारंवार विचारला जाणारा हा प्रश्न शेठ वालचंद हिराचंद यांच्यापुढे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच उभा होता.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात गुजराती जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद रेल्वेच्या कंत्राटदारीतून पुढे आले. बोरघाटातील बोगद्यांच्या कामाने त्यांचे नाव झाले. १९१९ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. तिची पहिली आगबोट 'लॉयल्टी' ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेली होती. मालकी भारतीय असली तरी बांधणी ब्रिटिश होती. वालचंद तेथे थांबले नाहीत. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली आणि १९४८ मध्ये तेथून 'जलउषा' पाण्यात उतरली.

मोटारीच्या बाबतीतही त्यांना हाच क्रम अभिप्रेत होता. १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत आयात केलेल्या सुट्या भागांची जुळणी करीत होती. वालचंदांना मोटार येथेच घडवायची होती. सर विश्वेश्वरय्यांचाही या योजनेला पाठिंबा होता. ब्रिटिश सरकारने मात्र साह्य नाकारले. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याखाली पहिली मोटार बाहेर पडली. आरंभी तेथेही जुळणीच होती. हळूहळू सुटे भाग देशात तयार होऊ लागले. १९५३ मध्ये सरकारने उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना वाव न ठेवण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा जनरल मोटर्स व फोर्ड यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली.

त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी वालचंदांचे निधन झाले. कुर्ल्यात पुढे फियाट ११०० तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचे 'प्रीमियर पद्मिनी' असे नामकरण झाले. मुंबईकर मात्र तिला फियाटच म्हणत राहिले. ऑक्टोबर २०२३ अखेर ती काळी-पिवळी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा शहराने तिला आपली म्हणूनच निरोप दिला.

तिचा मूळ आराखडा मात्र अखेरपर्यंत इटलीचाच राहिला. घडविण्याचे कौशल्य कुर्ल्याने कमावले. स्वतःची मोटार आखण्याचा पुढचा टप्पा तेथे गाठला गेला नाही. वालचंदांच्या स्वप्नातील तेवढे काम अपुरे राहिले.