अभियंते आजही पाइपात थर्मामीटर घालताना याच माणसाचं गणित तपासतात

रिफायनरीतल्या पाइपातून गरम तेल धावत असतं. त्याचं तापमान मोजायला पाइपात धातूची एक नळी उभी खुपसतात, तिला म्हणतात थर्मोवेल. दिसायला बोटाएवढी, पण मोडली तर अख्खा प्लांट बंद पाडणारी.

ती मोडते का, याचं उत्तर थिओडोर फॉन कारमान यांच्या गोष्टीत आहे.

कारमान यांचा जन्म 1881 चा, बुडापेस्टचा. 1911 साली ते जर्मनीतल्या गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली काम करत होते. तिथे हिमेंत्स नावाचा विद्यार्थी वाहत्या पाण्यात गोल दांडा उभा करून प्रयोग करत होता. पण पाणी काही केल्या स्थिर राहीना. दांडा नीट गोल नसेल म्हणून त्याने तो पुन्हा घासला. तरी तेच!

कारमान रोज सकाळी त्याची चौकशी करायचे. शेवटी त्यांना वाटलं, दोष दांड्याचा नाहीच. सुट्टीत ते गणित मांडून बसले आणि कोडं सुटलं. दांड्यामागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात. या माळेलाच आज कारमान व्होर्टेक्स स्ट्रीट म्हणतात.

प्रत्येक भोवरा दांड्याला हलका धक्का देतो. 20 मिलिमीटर जाडीची नळी आणि सेकंदाला 3 मीटर वेग असेल, तर असे साधारण 30 भोवरे एका बाजूने दर सेकंदाला सुटतात. नळीची स्वतःची थरथरण्याची लयही तेवढीच निघाली तर संपलंच. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का द्यावा तसं होतं. नळी जोरात थरथरते, थकते आणि मुळाशी तुटते.

1930 मध्ये कारमान अमेरिकेत स्थायिक झाले. 1940 साली टॅकोमाचा झुलता पूल वाऱ्याने कोसळला, तेव्हा चौकशी समितीत ते होते. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांत त्यांचं नाव आहे. 1963 मध्ये आखेन इथे त्यांचं निधन झालं.

त्यानंतर 32 वर्षांनी, डिसेंबर 1995 मध्ये, जपानच्या मोंजू अणुभट्टीत अशीच एक थर्मोवेल प्रवाहाच्या कंपनांनी तुटली. सोडियम गळून आग लागली. भट्टी पुन्हा सुरू व्हायला 2010 उजाडलं. तिथे घात केला तो प्रवाहाच्या दिशेने होणाऱ्या कंपनांनी, ज्यांचा हिशोब डिझाइनमध्ये धरलाच नव्हता.

म्हणून आता नियमच आहे. नळी बसवण्याआधी दोन्ही दिशांची कंपनं तपासायची. जुळत असतील तर नळी आखूड करायची किंवा जाड घ्यायची.

दांडा घासून प्रश्न सुटत नाही, हे कारमान यांनी 1911 सालीच ओळखलं होतं.