दुष्काळाची लेक : पंडिता रमाबाई

मुळशी तालुक्यातील भरे हे माझे गाव. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्याकडे पाऊस उदंड आणि भाताची खाचरे, त्यामुळे दुष्काळ हा शब्द मला पुस्तकातच भेटला. माझ्या आजीचे माहेर मात्र दौंड तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची पोर होती आणि आईबरोबर खडी फोडायला जात होती. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी तिला अजून आठवते. पंडिता रमाबाईंचे चरित्र मी ग्रंथालयातून घरी आणले, तेव्हा केडगावचे नाव ऐकून आजी जवळ येऊन बसली. केडगावचे मुक्ती मिशन तिला लहानपणापासून ऐकून ठाऊक होते. मग रोज रात्री जेवणे झाली की मी वाचायचे आणि ती ऐकायची.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष पत्करला. आईने तेच धन मुलीला दिले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करी. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत त्यांच्यावर अन्नान्नदशा आली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. आईला खांदा द्यायला माणसे पुरेनात, तेव्हा रमाबाईच पुढे झाल्या. हे ऐकताना आजीने डोळ्याला पदर लावला.

पुढे रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास यांनी सुमारे चार हजार मैलांची पायपीट केली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ मध्ये पतीचेही निधन झाले. तेवीस-चोवीस वर्षांची ती विधवा कडेवर लेक घेऊन पुण्यास आली आणि तिने आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथेच ख्रिस्ती झाल्या. महाराष्ट्राला हा मोठा धक्का होता. अमेरिकेतून मदत उभी करून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास आले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. मात्र सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते, असा आरोप झाला. टिळकांच्या ‘केसरी’ने टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

अशा वेळी १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत असल्याची बातमी रमाबाईंनी ऐकली. स्वतःचे उपाशी दिवस त्या विसरल्या नव्हत्या. त्या जातीने तेथे गेल्या. निराधार मुलींना पळवून नेणारे लोकही तेथे फिरत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावला ठेवले. शारदा सदनासाठी घेतलेली शेतजमीन तेथे होती. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी आणि इमारती, असे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींना नुसते जेवू घातले नाही. वाचन-लेखन, शेती, विणकाम, छापखान्याचे काम अशा गोष्टी त्यांना शिकवल्या. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, तेही केडगावच्याच छापखान्यात छापले गेले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

चरित्र संपल्यावर आजीने एकच गोष्ट विचारली. त्या पोरी ख्रिस्ती झाल्या का? मी सांगितले, पुष्कळजणी झाल्या. आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की बहात्तर साली तिला असे कोणी नेले असते तर ती गेली असती. पण परत आल्यावर तिच्या आईने तिला घरात घेतले असते का, कोण जाणे.

याचे उत्तर मला देता आले नाही, आजही नीट देता येत नाही. उपाशी पोरीपुढे ताट आणि देव एकाच हाताने आले, तर निवड तिची कितपत राहते, ही शंका मला खरी वाटते. पण त्यातल्या कित्येक मुलींना परत जायला आईच उरली नव्हती, हेही तितकेच खरे आहे. ज्यांना देव बदलू नये असे वाटत होते, त्यांच्यापैकी किती जण त्या उन्हात मध्य प्रांतात गेले? रमाबाईंना दोष देण्यापूर्वी हे आपण स्वतःला विचारावे, असे मला वाटते.

आजीची शाळा दुसरीत सुटली, आईची सातवीत. माझ्या हातात पुस्तक आहे, ते रमाबाईंसारख्या बायकांनी शिव्याशाप सोसले म्हणून. पुढच्या सुटीत आजीला घेऊन केडगावला जायचे ठरले आहे. ते सदन अजून चालू आहे. आजीला ते एकदा आतून बघायचे आहे.