रमाबाई रानडे आणि बऱ्या न होणाऱ्या रुग्णाची शुश्रूषा

मुकुंदवाडी परिसरात राहत असाल, तर घरातल्या कुणाला तरी जवळच्या दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये तुम्ही कधी ना कधी दाखल केलं असेलच. आजार बरा होणारा असेल तर सगळं ठरल्याप्रमाणे पार पडतं. पण कॅन्सर पसरला, किडनी किंवा हृदय थकलं आणि डॉक्टरांनी आता बरं होणं शक्य नाही असं सांगितलं, की पुढे काय? तेव्हा रुग्णाजवळ रात्रभर डॉक्टर नसतात. सिस्टर, ब्रदर आणि मावशी असतात. रुग्णाचे शेवटचे दिवस कसे जातील, हे बरंचसं त्यांच्या समजुतीवर ठरतं. ही समज का महत्त्वाची आहे, हे सांगण्यासाठी एका बाईंच्या आयुष्याची आठवण करून देतो.

सासरी सुरू झालेलं शिक्षण

रमाबाई रानडे तुम्हाला ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे माहीत असतील. त्यांचा जन्म 1862 साली आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरात झाला. 1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. माहेरी त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांचा विरोध सोसत त्या आधी मराठी, मग इंग्रजी शिकल्या.

16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत न्यायमूर्तींचं हृदयविकाराने निधन झालं. त्या काळी हृदयाच्या बंद नळ्या उघडण्याचा उपाय नव्हता. आजारी माणसाजवळ बसणं, त्याचं खाणं-पिणं आणि झोप सांभाळणं हेच घरच्यांच्या हातात होतं. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात रमाबाईंनी पतीच्या सहवासाबद्दल लिहिलं आहे. घरातल्या आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या कुणालाही ते आजही जवळचं वाटेल.

दुःखातून कामाकडे

पतीच्या निधनानंतर रमाबाई पुण्याला आल्या. जवळजवळ वर्षभर त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर पडू लागल्या. तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. रुग्णालयात जाऊन रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं देऊ लागल्या. फळाने आजार बरा होत नाही, पण आपल्याला कुणी विसरलेलं नाही हे रुग्णाला कळतं.

1909 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबरीने काम करत होते. शिकण्याची संधी न मिळालेल्या स्त्रियांना, विशेषतः विधवांना, इथे आसरा आणि शिक्षण मिळू लागलं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याचं मलमूत्र उचलायचं, हे चांगल्या घरातल्या बाईचं काम नव्हे असं तेव्हा समाज मानत असे. रमाबाईंनी नेमकं हेच काम निवडलं आणि सेवासदनच्या मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंगचं रीतसर प्रशिक्षण मिळू लागलं.

यामागची एक घटना सांगितली जाते. अभ्यासात अपयश आलेल्या एका तरुण विधवेने सगळे दरवाजे बंद झाल्यावर जीव देण्याचा प्रयत्न केला. तिला वाचवून रमाबाईंनी तिची नर्सिंग शिकण्यासाठी समजूत काढली. पुढे एका समारंभात बक्षीस घ्यायला आलेल्या विधवेची गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी टवाळी केली, तेव्हा रमाबाईंनी व्यासपीठावरूनच त्यांची कानउघाडणी केली.

मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. 1924 साली त्यांचं निधन झालं.

आज राहिलेलं काम

रमाबाईंच्या काळात पॅलिएटिव्ह केअर हा शब्द नव्हता. या सेवेला आधुनिक रूप देणारं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस लंडनमध्ये 1967 साली सुरू झालं आणि भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत 1986 साली. रमाबाईंनी शुश्रूषेला प्रतिष्ठा आणि प्रशिक्षण मिळवून दिलं. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र ते प्रशिक्षण अजून सगळीकडे पोहोचलेलं नाही. लहान नर्सिंग होममध्ये हे तीन गैरसमज मला वारंवार दिसतात. दोष त्या सिस्टरांचा नाही, त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

* पॅलिएटिव्ह म्हणजे उपचार बंद. तसं नाही. दुखणं, धाप, मळमळ, अस्वस्थता यांवरचे उपचार सुरूच राहतात, उलट वाढतात. ही सेवा आजाराच्या इतर उपचारांबरोबरही देता येते.
* मॉर्फिन दिलं की व्यसन लागतं किंवा माणूस लवकर जातो. तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि वेळेवर दिलं, तर ते सुरक्षित औषध आहे आणि व्यसनाची शक्यता फार कमी असते. बद्धकोष्ठता मात्र होते, म्हणून त्यासाठीचं औषध सोबत द्यावं लागतं. रुग्ण कळवळेपर्यंत थांबू नये, घड्याळ पाहून डोस द्यावा.
* सलाईन लावलं नाही तर रुग्ण उपाशी मरेल. अगदी शेवटच्या दिवसांत शरीराची भूक-तहान मंदावते. जादा सलाईनने अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढू शकते. त्यापेक्षा ओल्या कापसाने तोंड आणि ओठ ओले ठेवणं जास्त आराम देतं.

दाखल करण्यापूर्वी हे विचारा

1. रात्री दुखणं वाढलं तर सिस्टर काय देतील, आणि ते लेखी लिहून ठेवलं आहे का?
2. मॉर्फिन उपलब्ध आहे का? 2014 च्या कायदाबदलानंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, पण प्रत्येक नर्सिंग होमकडे ही मान्यता असतेच असं नाही.
3. साधारण दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलली जाईल का?
4. शेवटच्या वेळी घरच्यांना जवळ बसू देतील का?

उत्तरं समाधानकारक नसतील, तर आपल्या शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. आणि मध्यरात्री तुमच्या माणसाची कूस बदलणाऱ्या मावशींना नावाने हाक मारा, त्यांच्याशी दोन शब्द बोला. शंभर वर्षांपूर्वी हेच काम करणाऱ्या बाईची टवाळी होत असे. आज निदान आपल्याकडून त्यांना मान मिळायला हवा.