वादळवाटांचा शोधक

३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ येऊन धडकले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. परंतु वादळाची वार्ता आधीच मिळाल्यामुळे हजारो लोकांना सुरक्षित जागी हलविता आले होते. दोनशे वर्षांपूर्वी असे पूर्वज्ञान कोणालाही नव्हते. वादळ म्हणजे दैवाचा कोप. तो कोठून येतो व कोठे जातो हे मनुष्यास कळावयाचे नाही, अशीच सर्वांची समजूत होती. या अंधारात ज्यांनी ज्ञानाचा दिवा लावला, त्यांपैकी हेन्री पिडिंग्टन हे एक होत.

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ साली इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणी ते व्यापारी जहाजांवर होते. पुढे समुद्रावरील जीवन सोडून ते कलकत्त्यास स्थायिक झाले. तेथे ते भूगर्भातील खनिजांच्या संग्रहालयाचे काम पाहू लागले. तरीही समुद्राला ते विसरले नाहीत. १८३८ साली कर्नल रीड यांचा वादळांच्या नियमांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो वाचून पिडिंग्टन यांना आपल्या आयुष्याचे कार्य सापडले.

त्या काळी उपग्रह नव्हते, बिनतारी संदेश नव्हते. मग भर समुद्रातील वादळ कसे अभ्यासावे? पिडिंग्टन यांनी साधाच मार्ग धरला. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या रोजनिशा ते मिळवू लागले. अमक्या वेळी जहाज कोठे होते, वारा कोणत्या दिशेने वाहत होता, वायुभारमापकातील पारा किती उतरला होता, हे सारे ते टिपून घेत व नकाशावर मांडीत. जे एकट्या कप्तानाला कळत नसे, ते दहा कप्तानांच्या नोंदी एकत्र येताच स्पष्ट होई.

१८४५ साली मॉरिशसजवळ 'चार्ल्स हेडल' नावाचे जहाज वादळात सापडले. पाच दिवस ते वाऱ्याबरोबर धावत राहिले. त्याची रोजनिशी पाहताच पिडिंग्टन यांना नवल वाटले. जहाज दूर गेलेच नव्हते. ते एकाच केंद्राभोवती पुनःपुन्हा फिरत होते! वादळात वारा सरळ वाहत नाही, तो गोल फिरतो, याचा हा ढळढळीत पुरावा होता. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यांनी अशा वादळाला 'सायक्लोन' हे नाव दिले. आपण त्यालाच चक्रीवादळ म्हणतो.

हे ज्ञान त्यांनी पंडितांपुरते ठेवले नाही. १८४८ साली त्यांनी खलाशांसाठी सोप्या भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासोबत वर्तुळे व बाण काढलेली दोन पारदर्शक पत्रे असत. एक उत्तर गोलार्धासाठी, दुसरे दक्षिण गोलार्धासाठी. कप्तानाने ते नकाशावर ठेवून वाऱ्याची दिशा जुळविली, की वादळाचे केंद्र कोणत्या बाजूस आहे हे उमगे. आपल्या समुद्रात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले असता, केंद्र साधारणपणे उजव्या हाताला असते. मग जहाज कोणीकडे वळवावे, हे ठरविणे सोपे जाई.

१८५३ साली त्यांच्या ज्ञानाची कसोटी लागली. हुगळी नदी गाळाने भरेल या भीतीने, मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा सरकारचा विचार चालला होता. पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्र लिहून सावध केले. एक ना एक दिवस चक्रीवादळ समुद्राचे पाणी लोटीत आणील आणि हे बंदर बुडवील, असे त्यांनी बजावले. कोरिंगा या पूर्व किनाऱ्यावरील बंदरावर १७८९ साली वादळाबरोबर आलेल्या प्रचंड लाटांनी कसा अनर्थ केला, हे त्यांना ठाऊक होते. पण त्यांचा इशारा कोणी मनावर घेतला नाही. १८५८ साली पिडिंग्टन निवर्तले. बंदर बांधले गेले, तेथवर आगगाडीही धावू लागली. आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आले. समुद्राचे पाणी बंदरात शिरले आणि मोठी हानी झाली. काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले. आपला शब्द खरा ठरलेला पाहावयास पिडिंग्टन हयात नव्हते. असते, तरी त्यांना त्याचा आनंद खचित झाला नसता.

मधल्या काळात, १८६४ साली, कलकत्त्यास आलेल्या भीषण वादळात हजारो माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर त्या बंदराला वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था करण्यात आली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. आज उपग्रह आकाशातून वादळाचे वेटोळे पाहतात आणि त्याची वाट आधीच सांगतात. परंतु नुसती सूचना मिळून भागत नाही. ती ऐकणारे कानही लागतात. पिडिंग्टन यांचे चरित्र आपणांस हेच शिकविते.